नळी बंद करायची नाही

भानुदास खड्ड्यात उतरायला निघाला तेव्हा माझ्या धाकट्या दिरांनी फावड्याचा दांडा त्याच्या नडगीवर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. भानुदास मटकन खाली बसला आणि त्याने आईवरून शिवी दिली.

खाली सोपान पडला होता. गोबरगॅसचा खड्डा, दोन पुरुष खोल, वरची लोखंडी टाकी उचलून बाजूला ठेवलेली. तळाशी गुडघाभर शेणकाला. सोपानचा एक हात शिडीच्या पायरीत अडकला होता आणि मान छातीवर पडली होती. हाक मारली तर हलत नव्हता. त्याची बायको काठावर ऊर बडवत होती.

"जावा की कोनीतरी! मेल्याहो, बघता काय नुसतं?"

दीर खड्ड्याच्या तोंडाशी पाय फाकून उभे राहिले. "कोनी उतरायचं न्हाई. जो उतरंल त्याचं मडं वर येईल."

"नामर्द हाय हा," सोपानची बायको लोकांना म्हणाली. "सवता जाईना आन दुसऱ्याला जाऊ देईना. बाजूला करा ह्याला!"

दीर तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "वैनी, भानुदासाच्या घरातून उफणणीचा पंखा आणायला सांगा. आन आपल्या माळवदावरचं लुगडं सोडा."

लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मलाही क्षणभर तसंच वाटलं. हाताला पीठ लागलेलं होतं, तशीच मी घराकडे गेले.

हे लुगडं माळवदावर कशाला होतं आणि सोपान खड्ड्यात का गेला, हे कळायचं तर माझे दीर कसे होते ते आधी सांगायला पाहिजे.

ते कतारला होते. गॅसच्या कारखान्यात पाइप जोडायचं काम. परत आले तोवर माझे मालक वारले होते. दिरांची बायको लग्नानंतर लवकरच गेलेली, मूलबाळ नाही. घरात मी, मुलगा आणि सून. ते माझ्या पुढच्या खोलीत राहिले आणि जेवण माझ्याकडे. मी त्यांना भावजी म्हणायची. गावात त्यांना सगळे कतारी म्हणायचे. त्यांना ते आवडायचं.

आमचं गाव शिरूर कासारच्या अलीकडे. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊस तोडायला जातं. मागे राहिलेल्या पोरांचं वसतिगृह शाळेत भरतं. त्या पोरांच्या भाकरी माझ्याकडे होत्या. म्हणजे गॅस हा माझ्या घरात बोलण्याचा विषय नव्हता, पोटाचा होता. भावजींच्या मते तो सगळ्या जगाच्याच पोटाचा होता.

आल्या आल्या त्यांनी माझ्या पडवीच्या भिंतीवर जगाचा नकाशा काढला. जमीन गेरूने, समुद्र कपड्यांच्या निळीने. कतार कुठे आहे ते दाखवलं. करंगळीच्या पेराएवढं. मी म्हटलं, "एवढ्यासाठी एवढी वर्षं गेलात व्हय?" तर त्यांनी शेजारी समुद्रातच आपला बीड जिल्हा काढला, त्याच मापाचा. "कतार आपल्या जिल्ह्याहून जरासंच मोठं हाय वैनी. पर त्याच्या समुद्राखाली गॅस हाय. म्हनून मोठमोठ्या देशाचे मंत्री त्यांच्या दारात चपला काढत्यात."

"आन आपल्या जिल्ह्याखाली काय हाय?"

"मुरूम," भावजी म्हणाले.

त्या नकाशात होर्मुझ म्हणून एक अरुंद जागा होती. आखातातून बाहेर पडायची जहाजांची वाट. नेमका तिथेच भिंतीत जुना खिळा होता आणि मी त्याला पिठाची चाळण अडकवायची. भावजी जेवायला बसले की बघायचे. "वैनी, आज पुन्हा वाट बंद केली तुमी. अर्ध्या जगाला धाप लागंल." मी म्हणायची, लागू द्या, मला दुसरा खिळा नाही.

पुढे एकदा त्या बाजूला खरंच लढाई पेटली आणि सिलिंडर वेळेवर येईना. एजन्सीवाला म्हणायचा वरून माल नाही. मी भाकरी चुलीवर थापत होते, धुराने डोळे लाल. भावजी भिंतीपाशी गेले, चाळण काढली, खिळ्यावर बोट ठेवलं. "इथं अडकलंय." त्या दिवशी मी त्यांना हसले नाही.

त्यांच्या सवयी सांगते. घरात येणाऱ्या माणसाने काडेपेटी दारातल्या करवंटीत ठेवायची, मग आत यायचं. बिडीवाले पाहुणे वैतागायचे. कुठेही गेले तरी आधी उभं राहून नाक वर करून वास घ्यायचे, मग बसायचे. बसायचे तेही वारा ज्या अंगाने येतो त्या अंगाला. लग्नाच्या पंगतीत सुद्धा आधी वारा बघणार. दोन माणसांचं भांडण मिटवायचं असलं की पेटीतून पिवळं हेल्मेट काढून घालायचे. तिकडचं, कारखान्यातलं. डोक्याला काही लागणार आहे म्हणून नव्हे. म्हणायचे, हेल्मेट घातलं की मानूस कामावर हाय हे समोरच्याला कळतं.

आणि ते लुगडं. तिकडे कारखान्यात म्हणे खांबांवर कापडाच्या लांब पिशव्या लावलेल्या असतात, दोन्ही तोंडं उघडी. वारा कुठून येतो ते त्यावरून दिसतं. गॅस सुटला तर कोणत्या अंगाला पळायचं ते कळतं. भावजींना आपल्या माळवदावर तशी पिशवी पाहिजे होती. माझं जुनं नऊवारी मागितलं आणि कापायला बसले. मी म्हटलं, लुगडं फाडायचं नाही. शिवायचं तर अख्खं शिवा. मग त्यांनी अख्खं नऊवार उभं दुमडून नळीसारखं शिवलं आणि काठीला बांधलं. ते एवढं लांब झालं की साध्या वाऱ्याने उचलायचंच नाही. हत्तीच्या सोंडेसारखं भिंतीवरून लोंबायचं. भानुदास रस्त्यातून ओरडायचा, "कतारी, वहिनीचं लुगडं वाळलं का न्हाई अजून? मागल्या साली धुतलेलं!"

"कावून हसतो बे?" भावजी म्हणायचे. "तुझ्या अंगावर गॅस आला की इचारायला येशील."

भानुदास आमच्या शेजारचा. त्याच्या पलीकडे सोपान. तिघांची घरं एका ओळीत. सोपानकडे म्हशी, दावणच्या दावण भरलेली. सोपान आणि भानुदास यांचं बोलणं बंद. शेताच्या बांधावरून. बांध कोणी कोरला हे देवालाच ठाऊक, मला तर वाटतं दोघांनीही कोरला.

सिलिंडर अडलं तेव्हा भावजींच्या डोक्यात आलं की सोपानच्या शेणावर गोबरगॅस करायचा आणि नळीने माझ्या चुलीपर्यंत आणायचा. सोपान तयार झाला, पण त्याच्याकडे पाणी नव्हतं. पाणी माझ्या बोअरला. आणि नळी यायची ती भानुदासच्या अंगणातून. दुसरीकडून वाट नाही.

भावजी हेल्मेट घालून या घरातून त्या घरात फिरायला लागले. भानुदास म्हणाला, "त्या सोपान्याच्या शेणाचा वास माझ्या अंगणातून जायचा न्हाई."

"तुला दोन टायमाचा एक चुल्हा फुकट. सकाळ-संध्याकाळ."

"फुकट कशापायी?"

"वाटंपायी. गॅस असून भागत न्हाई भानुदास, वाट लागती. रशियानं युरोपला गॅस दिला तो मधल्या देशाच्या अंगणातून. त्या मधल्याशी बिनसलं, लढाई झाली, आन तिकडं म्हातारी मानसं सैटर घालून घरात बसली. इराणचा गॅस आपल्याकडं नळीनं येणार होता म्हनं. कावून आला न्हाई? मधी पाकिस्तान. मधल्या घराशी आपलं बोलणं न्हाई."

"म्हंजे मी पाकिस्तान का बे?"

"तू चुल्हा घे आन काय व्हायचं ते व्हय."

भानुदासच्या बायकोने आतून भांडं आपटलं. तिलाही धूर नको होता. करार झाला. शेण सोपानचं, वाट भानुदासची, पाणी माझं. उरलेला काला खत म्हणून सोपानचा. काळी नळी अंगणात पुरली आणि माझ्या चुलीवर निळी ज्योत आली. ज्योत मंद होती पण भाकरी भाजायची.

गोबरगॅसच्या खड्ड्यावर लोखंडी टाकी पालथी असते. गॅस भरला की टाकी वर येते, संपला की खाली जाते. तिन्ही घरांतून ती दिसायची. सकाळी उठल्यावर देवाला हात जोडायच्या आधी आम्ही सगळे टाकीकडे बघायचो. टाकी वर असली की सोपान गल्लीतून छाती काढून चालायचा. भावजी म्हणायचे, कतारचा शेखही असाच चालतो.

कुरबुरी तर रोजच्याच. एकदा सोपान माझ्या सुनेला पाण्यावरून टाकून बोलला. मी जाऊन पाण्याचा कॉक बंद केला. काला कालवायला पाणी नाही, गॅस कुठून होणार? संध्याकाळी भावजी जेवायला आले, ताटावर बसले आणि जेवेनात.

"आधी पानी सोडा वैनी, मग भांडा."

"त्याने माफी मागू द्या."

"कतारच्या शेजाऱ्यांनी एकदा त्याच्याशी येणं-जाणं तोडलं. वाटा बंद, इमानं बंद. दुधाची पंचाईत झाली तर त्यांनी इमानातून गाई आणल्या. खोटं न्हाई सांगत, गाई इमानातून! पर ज्यांनी वाट तोडली त्यातल्या एका शेजाऱ्याला समुद्राखालून ह्यांची गॅसची नळी जात व्हती. ती त्यांनी बंद केली का? न्हाई. शिव्या चालू, नळी चालू. भांडण चार दिसाचं असतं. नळी एकदा बंद केली की पुन्हा कोनी इश्वास ठेवत न्हाई."

मी पाणी सोडलं. विश्वास वगैरे काही नाही, आमटी गार होत होती. सोपानने माफी मागितली नाही ती नाहीच.

भावजींचं सगळं खरं असायचं असं नाही. कुठल्याही गोष्टीचं मूळ ते गॅसपाशी नेऊन बांधायचे. एकदा खताच्या दुकानापुढे रांग लागली होती, युरिया नव्हता. दुकानदाराला लोक शिव्या घालत होते. भावजी रांगेत सांगायला लागले की युरिया गॅसपासून करतात, युरोपात थंडी पडली, त्यांनी जादा भाव देऊन गॅसची जहाजं तिकडे वळवली, म्हणून इथे गोणी नाही.

मागचा एक माणूस म्हणाला, "म्हंजे जर्मनीला हुडहुडी भरली म्हनून माझा कापूस पिवळा पडला?"

"व्हय."

"मग माझी बायको माहेरी गेली ती पन जर्मनीमुळंच का?"

सगळी रांग हसली. भावजी गंभीरपणे म्हणाले, "तिला इचारावं लागंल." त्यांना चेष्टा कळायची नाही, किंवा कळूनही ते तसंच राहायचे. मला कधी समजलं नाही.

तिकडच्या कामाचं मात्र ते बोलत नसत. जगाचं सगळं सांगायचे, स्वतःचं नाही. एकदाच बोलले. आम्ही दोघं मटकी निवडत होतो. परत का आलात, असं मी सरळ विचारलं. मटकीतला खडा बाजूला टाकत ते म्हणाले, "टाकी साफ करायला एक उतरला, त्यो पडला. त्याला काढाया दुसरा गेला, त्यो पडला. दोघांना काढाया तिसरा. माझ्या खोलीतला व्हता, बिहारचा. मी दारात व्हतो. मला मुकादमानं मागून धरलं म्हनून मी न्हाई गेलो. एक पन जिता निघाला न्हाई." मग म्हणाले, "मटकी लई किडलीय."

आता सोपान खड्ड्यात कसा गेला ते.

पुढच्या सालच्या हंगामात, वसतिगृह भरलेलं असताना, टाकी वर यायची थांबली. रोज थोडी खालीच. माझ्या चुलीवर ज्योत पिवळी, मग नुसती फुरफुर. भानुदास म्हणायला लागला, सोपान शेण घालत नाही, शेण बाहेर विकतो आणि टाकी रिकामी ठेवतो. सोपान म्हणायला लागला, भानुदासने अंगणात खुंटी ठोकताना नळी फोडली, गॅस तिथे मातीत जातो आणि नाव माझं होतं. दोघं एकमेकांशी बोलत नसल्यामुळे हे सगळं मला सांगायचे. मी दोघांनाही सांगितलं, पोरांना भाकरी पाहिजे, तुमचं पुराण नको.

भावजींनी हेल्मेट घातलं. पाच माणसं बोलावली. म्हणाले, दोघांनी आपापली बाजू पंचांपुढे उघडी करायची. भानुदासने नळी उकरून दाखवायची, सोपानने टाकी उचलून खड्डा दाखवायचा. सोपानला बजावून सांगितलं, "टाकी काढ, काला उपस, आन दोन दिस तोंड उघडं राहू दे. आत उतरायचं न्हाई. कोंबडी सोडायची आधी पाटीत घालून. ती जिती वर आली तर मग बघू."

भानुदासने आधी अंगण उकरलं. भावजींनी सगळ्या नळीला साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा आला नाही. नळी धड होती. भानुदासने पाच माणसांपुढे मिशीवर हात फिरवला आणि सोपानच्या घराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "बघा, चोर कोन हाय ते!"

हे सोपानला लागलं. आमच्याकडे माणूस नुकसान सोसतो, पंचांपुढे चोर म्हटलेलं सोसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने टाकी चार जणांकडून बाजूला करवली आणि दुपारपर्यंत काला उपसला. आत कडब्याच्या काड्यांची जाड साय धरली होती, तीच गॅस वर येऊ देत नव्हती. चोर कोणी नव्हता. काड्या सोपानच्याच म्हशींच्या वैरणीतून पडत होत्या आणि कोणी काढत नव्हतं. एवढंच. पण सोपानला ते ताबडतोब वर काढून पंचांच्या हातात द्यायचं होतं. दोन दिवस थांबायला तो तयार नव्हता. फावडं घेऊन शिडीने उतरला, खालची साय फोडली आणि तिसऱ्या घावाला हातातलं फावडं सुटलं.

त्याच्या बायकोच्या ओरडण्याने आम्ही धावलो. सगळ्यांच्या पुढे भानुदास पोचला. ज्याला काल चोर म्हटलं त्याच्यासाठी तो सदरा न काढता शिडीवर पाय ठेवत होता. त्याच वेळी भावजींनी काठावरचं दुसरं फावडं उचललं.

पंखा आला. लोक तो खड्ड्याच्या तोंडावर ठेवायला निघाले. भावजी ओरडले, "लांब! लांब ठेवा! ठिणगी पडली तर सगळेच जाल." वारा ज्या अंगाने होता तिकडे, भानुदासच्या कुडापाशी पंखा ठेवला. त्या आठवड्यात दिवसा लाईट होती, ती नसती तर हे लिहिण्यात अर्थ नव्हता. माझ्या लुगड्याचं एक तोंड पंख्याच्या तोंडाला बांधलं, दुसरं टोक दगड बांधून खड्ड्यात सोडलं, सोपानच्या तोंडापाशी. पंखा लावला. लुगडं फुगलं, अजगरासारखं टम्म झालं. कापलं असतं तर ते तिथवर पुरलं नसतं.

सोपानची बायको अजून भावजींना शिव्या देत होती, आता हळू आवाजात.

मग विहिरीत पडलेली बादली काढायचा लोखंडी गळ आणला. भावजी काठावर पालथे झोपले, तोंडाला ओला रुमाल, आणि गळ सोपानच्या कमरेच्या पट्ट्यात अडकवायला बघू लागले. सुटायचा. पुन्हा टाकायचा. पुन्हा सुटायचा. त्यांचा हात अजिबात घाई करत नव्हता. भानुदास म्हणाला, "म्हाताऱ्या, जरा डावीकडं." भावजींनी डावीकडे नेला आणि गळ बसला.

"वढा."

दोर सगळ्यांनी धरला. भानुदासनेही धरला, बसल्या जागी, मोडका पाय पुढे पसरून. सोपान शेणाने माखलेला वर आला. ओठ काळेनिळे. भावजींनी त्याला वाऱ्याच्या अंगाला नेऊन निजवलं आणि छाती दाबत राहिले. सोपानला खोकला आला. मग उलटी झाली. त्याच्या बायकोने तेव्हा कुठे शिव्या थांबवल्या. जीपमध्ये घालून त्याला बीडला नेलं. त्याच जीपमध्ये पुढच्या सीटवर भानुदास, पायाला लाकडाच्या पट्ट्या बांधलेल्या. वाटेत ते एकमेकांशी बोलले नाहीत, असं जीपवाल्याने सांगितलं.

सोपानला बरं व्हायला वेळ लागला. अजून कधी कधी त्याचं डोकं दुखतं आणि म्हशींची नावं चुकतात. भानुदास लंगडतो. भावजींनी मुद्दाम वैर काढलं, दांडा हळूही मारता आला असता, असं तो अजून म्हणतो. हळू मारला असता तर तो उतरला असता. हे मी त्याला सांगितलं आहे. त्याला ते पटत नाही. सोपानच्या बायकोने भावजींना नामर्द म्हटलेलं परत घेतलं नाही, पण त्या दिवसापासून आमच्या घरी दूध पाठवायला लागली. भावजी ते पिताना म्हणायचे, "इमानातून न्हाई ना आलं?"

काड्या काढल्या, टाकी पुन्हा बसवली. आता शेण चाळून घालतात. बांधाचा वाद कोर्टात आहे. दोघं बोलत नाहीत. नळी चालू आहे.

भावजी मागच्या उन्हाळ्यात गेले. अंथरुणात, साध्या तापाने. लुगडं उन्हाने विरलं होतं, मी उतरवून त्याची पोतेरी केली. नकाशा भिंतीवर आहे. निळीचा समुद्र फिका पडला. खिळ्याला चाळण असते.

त्या दुपारी खड्ड्यात सोपान उतरला होता. तो जगला. त्याच्यामागे भानुदास उतरणार होता. तोही जगला.